ओढ्यापलीकडची घरं कुणाची? जनगणनेच्या हद्दी शेजारी गावांनी मिळून कशा नीट कराव्यात

२०१० च्या मे महिन्यात घरयादीच्या कामावर मी पर्यवेक्षक होतो. हाताखाली सहा प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन नोंद करणारे, सगळे शिक्षक. तिसऱ्या दिवशी त्यातला एकजण उन्हातून परत आला आणि दारातच म्हणाला, "गुरुजी, ओढ्यापलीकडची वस्ती माझ्यात की त्यांच्यात?"

ओढ्यापलीकडे एकोणीस घरं होती. आमच्या नजरी, म्हणजे अंदाजाने हाताने काढलेल्या, नकाशात ओढा हीच शिव काढलेली, म्हणून आम्ही ती घरं घेतली नव्हती. शेजारच्या गावच्या प्रगणकानेही घेतली नव्हती, कारण त्या घरांची घरपट्टी आमच्या ग्रामपंचायतीत भरली जायची. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर, आणि एकोणीस घरं कुठेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावचे प्रगणक, दोन्ही तलाठी आणि मी ओढ्याच्या काठावर उभे राहिलो. गट नंबर काढले तेव्हा कळलं की ओढ्याने पात्र बदललं होतं, शिव मात्र जुन्याच जागी होती. घरं आमचीच निघाली. हे सगळं अर्ध्या तासात मिटलं. पण त्या प्रगणकाने विचारलं नसतं तर ती माणसं दहा वर्षं कागदावर आलीच नसती. आणि पुढची जनगणना लांबत गेल्यामुळे ती दहाची सोळा वर्षं झाली असती.

तेव्हापासून मी गावोगावच्या सरपंचांना, ग्रामसेवकांना, शिक्षकांना एकच सांगत आलो आहे. माणसं सुटतात ती शिवेवर, आणि दोनदा मोजली जातात तीही शिवेवरच. शिव एका गावाची नसते. त्यामुळे हे काम एका गावाने आपल्या पुरतं नीट करून भागत नाही, शेजाऱ्याला सोबत घ्यावंच लागतं. ते कसं करायचं ते इथे क्रमाने लिहितो.

हद्द बदलणं वेगळं, हद्द नीट नोंदवणं वेगळं

पहिला गोंधळ इथेच होतो. २०२७ च्या जनगणनेसाठी जिल्हा, तालुका, महसुली गाव, नगरपरिषद, महापालिका यांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ रोजी जशा होत्या तशा धरल्या आहेत. १ जानेवारी २०२६ ते ३१ मार्च २०२७ या काळात त्या बदलता येत नाहीत. यालाच हद्दी गोठवणं म्हणतात. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये, प्रत्येक राज्याने ठरवलेल्या तीस दिवसांत. प्रत्यक्ष लोकसंख्येची गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि संदर्भाची वेळ १ मार्च २०२७ च्या शून्य तासाची, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या रात्री बारा वाजतात ती घटका.

"हद्दी गोठल्यात, आता काही करता येत नाही," असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ते अर्धंच खरं आहे. आपली वाडी या गावातून काढून त्या गावात घाला, नवं महसुली गाव करा, पालिकेची हद्द वाढवा, हे बंद आहे. पण अस्तित्वात असलेली हद्द प्रगणकाच्या नकाशात बरोबर उतरवणं, सुटलेली वस्ती यादीत घालणं, गणना गटाच्या, म्हणजे एका प्रगणकाला मोजायला दिलेल्या भागाच्या, कडा शेजारच्या गटाशी जुळवून घेणं, यातलं काहीही बंद नाही. नुकसान बहुतेक वेळा याच कामाच्या हेळसांडीने होतं.

नुकसान किती, ते दोन उदाहरणांत सांगतो. आपल्याकडे १,५०० पर्यंत लोकसंख्येच्या ग्रामपंचायतीला ७ सदस्य असतात, १,५०१ ला ९ होतात. एक वस्ती चुकून शेजारी गेली की दोन सदस्य गेले. आरोग्य उपकेंद्राचा निकष सपाट भागात ५,००० लोकसंख्येचा, आदिवासी व डोंगरी भागात ३,००० चा. तिथे तर दोन पाडे सुटले तरी उपकेंद्राचा प्रस्ताव मागे पडू शकतो. रेशनचा इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, आजही २०११ च्या आकड्यांवरच उभा आहे.

आधी आपलं दप्तर काढा

शेजाऱ्याकडे जाण्याआधी आपल्या गावाची एक फाईल तयार करा. २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेतून गावाचा सहा अंकी जनगणना कोड, क्षेत्रफळ आणि तेव्हाची लोकसंख्या उतरवून घ्या. केंद्र सरकारच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निर्देशिकेतला, म्हणजे एलजीडीचा, कोड वेगळा असतो. तोही घ्या आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहा. ग्रामपंचायत गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यातल्या प्रत्येक महसुली गावाचं वेगळं पान करा, कारण जनगणना महसुली गाव धरते, ग्रामपंचायत नव्हे. ही एक ओळ लक्षात ठेवलीत तरी निम्मे वाद टळतील.

मग २०११ नंतर काय काय बदललं ते शोधा. २०११ च्या जनगणनेने ३१ डिसेंबर २००९ ची स्थिती धरली होती. म्हणजे तेव्हापासून २०२५ अखेरपर्यंतच्या सोळा वर्षांतली प्रत्येक अधिसूचना तुमच्या कामाची. महाराष्ट्रात या काळात कमी उलथापालथ झालेली नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. २०११ मध्ये १ कोटी १० लाखांहून अधिक लोकसंख्येचा ठाणे हा देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता, आणि डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड, वसई, पालघर या आठही तालुक्यांचे त्या वेळचे आकडे ठाण्याच्या खात्यात आहेत. तिथल्या गावाने आपला जुना आकडा पालघरच्या पुस्तिकेत शोधला तर मिळणार नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, नंतर त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. त्या दोन गावांच्या शेजाऱ्यांनी आपली कड आता नेमकी कुणाशी लागते हे पुन्हा तपासायला हवं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नाव बदललं म्हणून हद्द बदलत नाही, पण जुन्या-नव्या नावांचा मेळ लावलेला तक्ता फाईलमध्ये नसेल तर कारकून एकाच गावाची दोन गावं समजतो.

अधिसूचनेची प्रत हवी, वर्तमानपत्राचं कात्रण नको. तहसीलमधून प्रमाणित प्रत घ्या.

वाड्या-वस्त्यांची यादी: इथे घाई करू नका

सगळ्या कामात याला मी सर्वांत जास्त वेळ देतो. गावठाण कुणी विसरत नाही. विसरतात ते मळा, धनगरवाडा, ठाकरवाडी, तांडा, पाडा, कालव्याच्या कडेची चार घरं, क्रशरजवळची कामगारांची खोली, डोंगरावरच्या देवळातला पुजारी.

एकाच नोंदवहीवर विसंबू नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ घ्या, त्यात घरपट्टी लागलेली घरं मिळतील. पण गायरानावरची किंवा वनजमिनीवरची घरं त्यात बहुधा नसतात. अंगणवाडी सेविकेचं सर्वेक्षण रजिस्टर आणि आशाताईची नोंद घ्या. माझ्या अनुभवात या दोघींच्या वह्या सगळ्यांत खऱ्या असतात, कारण लसीकरणासाठी त्या प्रत्येक उंबऱ्यावर गेलेल्या असतात. महावितरणच्या वायरमनला विचारा, मीटर कुठवर गेलेत ते तो तोंडपाठ सांगतो. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर तो नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवा. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून राज्यात हे काम सुरू झालं आणि गावठाणातल्या घरांसाठी ते फार उपयोगी आहे. गावठाणाबाहेर मात्र त्याचा उपयोग नाही, आणि आपला प्रश्न नेमका गावठाणाबाहेरचा आहे.

मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने रकाने पाडा: वस्तीचं नाव, लोक तिला काय म्हणतात, गट नंबर, अंदाजे घरं, कुठल्या नोंदवहीत आहे आणि कुठल्या नाही, शेजारचं गाव. "लोक काय म्हणतात" हा रकाना वगळू नका. कागदावर "रामनगर" असतं आणि वाट विचारली तर कुणालाही फक्त "खालची वस्ती" माहीत असते. प्रगणक बाहेरगावचा असेल तर तो रामनगर शोधत दिवसभर हिंडेल.

जागा बदललेल्या वस्त्यांकडे वेगळं लक्ष द्या. धरणग्रस्तांची पुनर्वसित गावं, दरडीनंतर हलवलेली गावं यांत जुनी जागा ओस असते आणि माणसं दुसऱ्याच गटात राहत असतात. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं आणि वाचलेल्यांचं पुनर्वसन नव्या जागी झालं. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली. वाचलेली माणसं आज जिथे राहतात तिथलीच नोंद व्हायला हवी. जे महसुली गाव पूर्ण ओस पडलं आहे ते "बेचिराख" म्हणून यादीत राहतं, ते खोडायचं नसतं.

या यादीसाठी घरात किती माणसं, जात कुठली, उत्पन्न किती, हे काहीही विचारू नका. ते प्रगणकाचं काम आहे, आणि १९४८ च्या जनगणना कायद्याने ती माहिती गोपनीय आहे. आपल्याला फक्त घर कुठे आहे एवढंच हवं.

शेजाऱ्याला बोलावणं

आता आपल्या गावाला लागून कोण कोण आहे ते लिहा. खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखं, पूर्वेपासून फिरत या. बहुतेक गावांना पाच-सात शेजारी निघतात. त्यात एखादी नगरपंचायत असेल, वनविभागाची हद्द असेल, छावणी असेल. देवळाली, कामठी, देहूरोडसारख्या छावण्यांच्या आतल्या लष्करी भागाची गणना विशेष चार्ज, म्हणजे एका अधिकाऱ्याकडे सोपवलेला वेगळा गणना विभाग, म्हणून स्वतंत्र होते. पण तारेच्या कुंपणाबाहेरची वस्ती तुमची असू शकते.

पत्र लिहा, पण पत्रावर थांबू नका. सरपंचाने सरपंचाला फोन करावा, पोलीस पाटलाने पोलीस पाटलाला. पहिल्या बोलण्यातच स्पष्ट सांगा की आम्हाला तुमची जमीन नको, तुमचा कर नको, फक्त कुठलं घर कुणी मोजायचं एवढं ठरवू. हे आधी सांगितलं नाही तर समोरचा माणूस जुना बांधाचा वाद डोक्यात घेऊन येतो आणि बैठक तिथेच मोडते.

शिवफेरी

बैठकीत नकाशावर बोटं फिरवून हे ठरत नाही. चालावं लागतं. दोन्ही गावांतून प्रत्येकी तीन-चार माणसं पुरतात: ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, एक शिक्षक आणि शिवार पाठ असलेला एक म्हातारा माणूस. हा म्हातारा फार महत्त्वाचा. शिवेवरचा दगड कुठे गाडला गेला, वाट कधी वळली, हे त्यालाच माहीत असतं. सकाळी सातला निघा, दहापर्यंत एका शेजाऱ्याची शिव होते.

सोबत गाव नकाशाची प्रत, महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून काढलेले कडेच्या गटांचे नकाशे आणि एक मोबाइल ठेवा. मोबाइलवरच्या सर्वसाधारण नकाशात गावाभोवती दिसणारी तुटक रेघ अधिकृत नाही, ती शिव समजू नका. मोबाइल फक्त त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपायला वापरा.

वाटेत चार प्रकारच्या अडचणी येतात. ओढा किंवा नदी असेल तर आजचं पात्र पाहू नका, गट नंबर पाहा. आमची एकोणीस घरं यातच अडकली होती. रस्ता असेल तर रस्त्याची मधली रेघ कड धरायची की एक बाजू, हे दोन्ही गावांनी एकच ठरवायचं. नाहीतर रस्त्याकडेचे ढाबे, पंक्चरची दुकानं आणि त्यांच्या मागे राहणारी कुटुंबं हमखास सुटतात. तिसरी अडचण शहराच्या कडेला येते. एकच गृहप्रकल्प, तीन इमारती महापालिकेत आणि दोन ग्रामपंचायतीत. इथे इमारतीच्या नावाने वाटणी करा, प्रवेशद्वाराने नको. एखादी इमारतच हद्दीवर उभी असेल तर ती पूर्ण कुणी मोजायची हे तहसीलदार आणि महापालिकेचे जनगणना अधिकारी यांच्याकडून लेखी घ्या. चौथी अडचण वनजमिनीची. तिथे वनरक्षकाला सोबत घेतल्याशिवाय निघू नका.

प्रत्येक शंकास्पद वस्तीपाशी एकच कसोटी लावा: घर ज्या गटात उभं आहे तो गट कुठल्या महसुली गावाचा? घरमालकाचं रेशनकार्ड कुठलं, मतदार यादीत नाव कुठे, पोरं कुठल्या शाळेत जातात, हे प्रश्न इथे गैरलागू. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरच्या १४ गावांत लोकांकडे दोन्ही राज्यांची कार्डं आहेत. दोन सरकारं एकाच घरावर हक्क सांगतात तेव्हा दोनदा मोजणी होण्याचा धोका किती खरा असतो, ते तिथे दिसतं. राज्यांच्या सीमेवर ग्रामपंचायतींनी आपापसात ठरवून काही होत नाही. तिथे दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आणि ती वस्ती कुठल्या चार्जमध्ये आहे हे लेखी मागायचं.

कागद

फेरी संपली की त्याच दिवशी, पारावर बसून संयुक्त टिपण लिहा. दुसऱ्या दिवसावर टाकलं की आठवणी बदलतात. मी वापरतो तो मजकूर असा:

"आज दिनांक … रोजी मौजे … (जनगणना कोड …) आणि मौजे … (जनगणना कोड …) यांच्या सामाईक शिवेची दोन्ही गावांच्या प्रतिनिधींनी समक्ष पाहणी केली. गट क्रमांक … मधील … वस्ती (अंदाजे … घरे) ही मौजे … च्या महसुली हद्दीत असल्याने तिची घरयादी व गणना मौजे … चे प्रगणक करतील. शिवेलगतचे मौजे … च्या बाजूचे शेवटचे घर … यांच्या विहिरीजवळचे व पलीकडील पहिले घर … शाळेजवळचे आहे. या टिपणाचा जमिनीच्या मालकीशी, करआकारणीशी किंवा हद्दीच्या इतर कोणत्याही वादाशी संबंध नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच्यामुळेच शेजारचा सरपंच सही करतो.

टिपणाला नजरी नकाशा जोडा. एका पानावर, उत्तर दिशा वर, आणि त्यात न हलणाऱ्या खुणा: देऊळ, पाण्याची टाकी, पूल, शाळा, विजेचा मोठा टॉवर. आंब्याचं झाड खूण म्हणून चालत नाही, ते पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

ग्रामीण भागात चार्ज अधिकारी म्हणून तहसीलदार काम पाहतात, नगरपरिषदेत मुख्याधिकारी. दोन गावं एकाच तालुक्यात असतील तर एकच अर्ज पुरतो. एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला पालिका असेल तर दोन्हीकडे एकच मजकूर, एकाच दिवशी, पोच घेऊन द्या. तालुके वेगळे असतील तर दोन्ही तहसीलदारांना द्या आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्ह्याचे प्रधान जनगणना अधिकारी तेच असतात. पाच-सहा गावांनी आपापली टिपणं एकत्र बांधून एकदम दिली तर त्याकडे लक्ष जातं. सुटं पत्र ढिगाखाली जातं.

गणना गटाच्या कडा

गावाचे गणना गट पाडतात तेव्हा एका गटात साधारण ७०० ते ८०० लोकसंख्या धरतात. गट कधीही गावाची किंवा प्रभागाची हद्द ओलांडत नाही. या जनगणनेत गटांच्या कडा संगणकावरच्या नकाशावर आखल्या जातात आणि प्रगणक मोबाइलवर काम करतो. सोय मोठी आहे. पण नकाशावर वस्तीच्या मधून रेघ गेली तर मोबाइल ती तशीच पाळायला लावतो. म्हणून तुमची वस्त्यांची यादी घेऊन तहसीलच्या जनगणना लिपिकाकडे बसा आणि प्रत्येक वस्तीसमोर गणना गटाचा क्रमांक लिहून घ्या. ज्या वस्तीसमोर क्रमांक येत नाही ती सुटलेली. ज्या वस्तीसमोर दोन येतात तिथे दोनदा मोजणी होणार. ही तपासणी तासाभराची आहे.

प्रत्यक्ष गणनेच्या दिवसांत

कड लागणाऱ्या दोन प्रगणकांनी पहिल्याच दिवशी शिवेवर भेटावं आणि एकमेकांना "माझं शेवटचं घर हे, तुझं पहिलं घर ते" असं बोट दाखवून सांगावं. फोनवर नको.

फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा हंगाम. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या त्या वेळी फडात असतात आणि त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, बहुतेक वेळा गावाबाहेर, दोन शिवांच्या मधल्या मोकळ्या रानात पडलेल्या असतात. गणनेचा पूर्ण काळ जो घराबाहेर असतो त्याला त्याच्या गावी धरत नाहीत, तो असेल तिथे मोजतात. २०११ च्या प्रगणकांना हीच सूचना होती. म्हणजे गेवराईचं किंवा पाथर्डीचं कुटुंब तुमच्या शिवेवर असेल आणि तुम्ही सोडलं, तर त्याला मोजणारं दुसरं कुणी नाही. कोप्या आठवड्यात जागा बदलतात, म्हणून कारखान्याच्या शेतकी विभागाकडून आणि मुकादमाकडून टोळ्या कुठे आहेत ते दर दोन-तीन दिवसांनी दोन्ही गावांनी मिळून विचारून घ्या. वीटभट्ट्या आणि मेंढपाळांचे वाडे यांचंही तसंच. बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री होते. त्या रात्री एसटी स्टँड, पुलाखाली, बाजारतळ इथे कोण जाणार हे आधीच वाटून घ्या.

३१ मार्च २०२७ नंतर

हद्दी मोकळ्या झाल्या की खरे बदल मागता येतात. गावाची, तालुक्याची हद्द बदलायची तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ खाली शासनाची अधिसूचना लागते. ग्रामपंचायतीची विभागणी किंवा एकत्रीकरण ग्रामपंचायत अधिनियमाखाली होतं. ज्या वस्तीची जमीन एका गावात आणि सगळा व्यवहार दुसऱ्या गावाशी आहे, तिचा प्रस्ताव दोन्ही ग्रामसभांच्या ठरावांसह तेव्हा पाठवा. तुमची शिवफेरीची टिपणं त्या प्रस्तावाला जोडा. आणि बदल मंजूर झाला की त्याच दिवशी जुना कोड, नवा कोड, गट नंबर आणि अधिसूचनेची तारीख एका ओळीत फाईलमध्ये लिहा. पुढच्या जनगणनेला जो कुणी ओढ्याच्या काठावर उभा राहील, त्याच्या हातात ती फाईल असू द्या. एक प्रत आपल्या दप्तरात, एक शेजारच्या गावात.